संकटप्रेषक, नौकांवरील

नौका बुडणे, उलटणे, आग लागणे, एंजिन निकामी होऊन भरकटणे अथवा नौकेवरील माणूस गंभीर आजारी होणे, अशा प्रसंगी नौकेची ओळख आणि तिचे स्थान उपग्रहाच्या द्वारे किनाऱ्यावरील बचाव केंद्रास कळविणारे, स्वतःच्या विद्युत् घटावर चालणारे लहान रेडिओ साधन. व्यापारी जहाजांवरील प्रमाणित प्रकारास ‘इमर्जन्सी पोझिशन इंडिकेटिंग रेडिओ बीकन’ या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘ईपर्ब’ म्हणतात. भारतीय मच्छीमारांसाठी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने (इस्रोने) विकसित केलेला प्रकार ‘डिस्ट्रेस अलर्ट ट्रान्समीटर’ (संक्षेपाने ‘डॅट’) या नावाने ओळखला जातो. ही साधने बाह्यतः सारखी दिसली, तरी त्यांची कार्यपद्धती, खर्च आणि मर्यादा वेगवेगळ्या आहेत. म्हणून कोणत्या नौकेवर कोणते साधन असावे, याचा विचार साधन खरेदी करण्यापूर्वीच करावा लागतो.

आवश्यकता : समुद्रातील अपघातात बळी जाण्याचे एक मोठे कारण अपघात वेळेवर न कळणे हे असते. मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही प्रवासी आगबोट १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भर पावसाळी वादळात उलटून बुडाली आणि सहाशेहून अधिक प्रवासी मृत्यू पावले. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती. बोट मुंबईपासून काही मैलांवरच बुडाली होती, तरीही तिची वार्ता शहरात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. तोपर्यंत जे वाचले, त्यांपैकी अनेकांना मासळी घेऊन मुंबईकडे येणाऱ्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत घेतले होते. आधुनिक संकटप्रेषकाचे महत्त्व या एका घटनेवरून ध्यानात येते.

अरबी समुद्राचे पाणी उबदार असल्यामुळे जीवनरक्षक जाकीट घातलेला माणूस उत्तरेकडील थंड समुद्राच्या मानाने येथे पुष्कळ अधिक काळ तग धरू शकतो. त्यामुळे येथे वाचणे वा न वाचणे हे बहुधा तो सापडतो की नाही यावर अवलंबून असते. वारा व प्रवाह यांमुळे तरंगणाऱ्या वस्तूच्या स्थानाविषयीची अनिश्चितता तासाला १ किमी. वाढते असे मानले, तर ६ तासांनंतर शोधावे लागणारे वर्तुळाकार क्षेत्र सु. ११३ चौ. किमी. होते, २४ तासांनंतर ते सु. १,८१० चौ. किमी. होते. म्हणजे वेळ चौपट झाला की क्षेत्र सोळापट होते. लाटांमध्ये केवळ डोके दिसणारा माणूस एवढ्या क्षेत्रात शोधणे विमानासही कठीण असते. संकटप्रेषक हे क्षेत्र काही किमी.वर आणि उपग्रही स्थाननिश्चितीची जोड असल्यास सु. १०० मी.वर आणतो.

इतिहास व कार्यपद्धती : उपग्रहांच्या साहाय्याने संकटसंकेत टिपण्याची ‘कॉस्पास-सारसॅट’ ही आंतरराष्ट्रीय योजना अमेरिका, कॅनडा, फ्रान्स व तत्कालीन सोव्हिएट संघ यांनी १९७९ मधील करारान्वये हाती घेतली. शीतयुद्धाच्या काळात परस्परविरोधी गटांतील राष्ट्रांनी जीवरक्षणासाठी केलेले हे सहकार्य विशेष उल्लेखनीय आहे. पहिला उपग्रह १९८२ च्या जूनमध्ये सोडण्यात आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅनडातील एका लहान विमानाच्या अपघातातील व्यक्तींची या योजनेमुळे सुटका झाली. आरंभी १२१·५ मेगॅहर्ट्‌झ या कंप्रतेवरील संकेतही उपग्रह टिपत असत. परंतु त्या संकेतावरून नौका कोणती हे कळत नसे व खोट्या इशाऱ्यांचे प्रमाणही फार होते. म्हणून १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी ही कंप्रता टिपणे बंद केले. केवळ १२१·५ मेगॅहर्ट्‌झवर चालणारे जुने साधन कोणी स्वस्तात देऊ केले, तर ते उपग्रहीय संकटसूचनेच्या दृष्टीने निरुपयोगी आहे असे समजावे.

सध्याचे ईपर्ब ४०६ मेगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यात सु. ५० सेकंदांच्या अंतराने सु. अर्धा सेकंद टिकणारा आणि सु. ५ वॉट शक्तीचा संकेत प्रेषित करतात. या संकेतात साधनाची १५ चिन्हांची विशिष्ट ओळख कूटबद्ध केलेली असते व तीमध्ये देशाचा क्रमांकही असतो (भारताचा क्रमांक ४१९). शिवाय जवळ आलेल्या विमानास वा जहाजास दिशा दाखविण्यासाठी १२१·५ मेगॅहर्ट्‌झवर एक क्षीण संकेत आणि रात्रीसाठी लुकलुकणारा दिवा असतो.

संकेत टिपणारे उपग्रह तीन प्रकारचे आहेत. सु. ८५० ते १,००० किमी. उंचीवरून ध्रुवांजवळून जाणारे उपग्रह डॉप्लर परिणामाचा उपयोग करून प्रेषकाचे स्थान काढू शकतात. साधन आणि उपग्रह यांच्या सापेक्ष गतीमुळे कंप्रतेत पडणाऱ्या फरकावरून ते सु. ५ किमी.पर्यंत अचूक ठरविता येते. मात्र उपग्रह डोक्यावर येईपर्यंत वाट पाहावी लागते. सु. ३६,००० किमी. उंचीवरील भूस्थिर उपग्रह संकेत तत्काळ टिपतात, पण पृथ्वीच्या सापेक्ष ते स्थिर असल्याने डॉप्लर पद्धतीने स्थान काढू शकत नाहीत. प्रेषकातच उपग्रही स्थानग्राही असेल तरच त्यांच्याकडून स्थान कळते. अलीकडे सु. २०,००० किमी. उंचीवरील जीपीएस, ग्लोनास व गॅलिलिओ या मार्गनिर्देशक उपग्रहांवर संकटसंकेत टिपणारी उपकरणे बसविण्यात आली असून त्यांच्यामुळे दोन्ही पद्धतींचे फायदे एकत्र मिळतात. गॅलिलिओ उपग्रहांमार्फत २०२० पासून योग्य त्या साधनास ‘संकेत मिळाला’ अशी पोचही परत मिळू शकते.

भारतातील यंत्रणा : भारत या योजनेत सहभागी असून बंगळूरु व लखनौ येथे भूस्थानके, तर बंगळूरु येथे इस्रोच्या अखत्यारीत भारतीय मोहीम नियंत्रण केंद्र आहे. १९९२ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-२ए या उपग्रहावर संकटसंकेत टिपणारे उपकरण होते. पुढे इन्सॅट-३ए (२००३), इन्सॅट-३डी (२०१३) व इन्सॅट-३डीआर (२०१६) यांवरही तशी उपकरणे बसविण्यात आली. नियंत्रण केंद्राकडे आलेला सागरी संकेत भारतीय तटरक्षक दलाच्या बचाव समन्वय केंद्राकडे पाठविला जातो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यासाठी असे केंद्र मुंबई येथे आहे. समुद्रातील संकटाची सूचना दूरध्वनीने देण्यासाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा निःशुल्क क्रमांक आहे.

नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ हे चक्रीवादळ अरबी समुद्रातून येऊन ११ तारखेस अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर धडकले. त्यावेळी खोल समुद्रात असलेले कोकण व गोवा येथील अनेक मच्छीमार संकटात सापडले. मच्छीमारांसाठीचा डॅट २०१० पासून वापरात आला आणि पुढील काळात देशात वीस हजारांहून अधिक डॅट वापरात आले. त्यावरील बटण दाबल्यास नौकेची ओळख, स्थान आणि संकटाचे स्वरूप (आग, नौका बुडणे, वैद्यकीय मदत इ.) उपग्रहाच्या द्वारे बंगळूरु येथे आणि तेथून तटरक्षक दलाकडे जाते. पहिल्या प्रकाराची मोठी उणीव अशी होती की, संदेश पोचला की नाही हे समुद्रातील माणसास कळत नसे. जानेवारी २०२४ मध्ये इस्रोने जाहीर केलेल्या दुसऱ्या पिढीच्या डॅटमध्ये (डॅट-एसजी) ही उणीव दूर करण्यात आली असून नौकेस पोच मिळते, तसेच वादळाची पूर्वसूचना व मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची माहिती मोबाइल दूरध्वनीवर मच्छीमाराच्या भाषेत वाचता येते. याशिवाय १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेश यांतील यांत्रिक नौकांवर १ लाख दुहेरी संदेशवाहक ट्रान्सपाँडर बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे करण्यात आला.

प्रकार : निवडीच्या दृष्टीने पुढील प्रकार लक्षात घ्यावे लागतात.

(१) आपोआप सुटणारा ईपर्ब : हा नौकेच्या उघड्या भागावर एका पेटीत बसविलेला असतो. नौका बुडून पेटी सु. १·५ ते ४ मी. खोल गेली की, पाण्याच्या दाबाने चालणारा खटका उघडतो. साधन सुटून वर येते, तरंगते व पाण्याच्या स्पर्शाने सुरू होते. मोठ्या आंतरराष्ट्रीय जहाजांवर उपग्रहीय ईपर्ब १ ऑगस्ट १९९३ पासून आवश्यक ठरला. १ जुलै २०२२ पासून अशा जहाजांवर नव्याने बसविल्या जाणाऱ्या ईपर्बमध्ये आसपासच्या जहाजांच्या पडद्यावर स्थान दाखविणाऱ्या स्वयंचलित ओळखपद्धतीचा (एआयएस) संकेतही असावा लागतो.

(२) हाताने काढावयाचा ईपर्ब : साधन तेच, परंतु ते स्वतः खाचेतून काढून पाण्यात टाकावे वा सुरू करावे लागते. याची किंमत कमी असते. ईपर्बचा विद्युत् घट किमान ४८ तास संकेत देऊ शकेल असा असावा लागतो.

(३) व्यक्तिगत संकटप्रेषक : जाकिटास अडकविण्याजोगा लहान प्रकार. याचा घट किमान २४ तास चालतो. तो बहुधा हाताने सुरू करावा लागतो व अँटेना आकाशाकडे धरून ठेवावी लागते. पाण्यात पडलेल्या एकट्या माणसासाठी तो उपयुक्त असला, तरी नौकेच्या ईपर्बची जागा तो घेऊ शकत नाही.

(४) डॅट व ट्रान्सपाँडर : शासकीय योजनांतून मच्छीमार नौकांना मिळणारी ही साधने दैनंदिन संदेश व हवामान इशारे यांसाठी सोयीची आहेत. मात्र संकटसंदेशासाठी कोणीतरी जिवंत व शुद्धीवर असलेल्या माणसाने बटण दाबावे लागते.

(५) केवळ एआयएसवर आधारित प्रेषक व रडार-प्रतिसादक : ही साधने उपग्रहाकडे संकटसंदेश पाठवीत नाहीत, जवळच्या जहाजांना स्थान दाखवितात. शोधाच्या अखेरच्या टप्प्यात ती फार मोलाची ठरतात.

परदेशी खाजगी उपग्रहांवर चालणारे दूरध्वनी व संदेशक इतर देशांतील हौशी नाविक वापरतात. भारतात अशी साधने शासनाच्या परवानगीवाचून बाळगणे कायद्याने गुन्हा ठरू शकतो. परदेशातील नातेवाइकांकडून आलेले वा प्रवासात विकत घेतलेले असे साधन नौकेवर नेण्यापूर्वी ही गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक असते.

निवडीचे निकष : संकटप्रेषकाची निवड करताना त्याची शक्ती, आकार वा किंमत यांपेक्षा चार प्रश्नांची उत्तरे अधिक महत्त्वाची ठरतात.

पहिला प्रश्न : नौका अचानक उलटली आणि कोणाचाही हात साधनापर्यंत पोचला नाही, तर ते सुरू होईल काय? पर्ससीन वा ट्रॉलर जाळ्याने मासेमारी करणारी नौका मासळीच्या भाराने किंवा जाळे अडकल्याने काही क्षणांत कलंडू शकते. व्यापारी जहाजाच्या धडकेने लहान नौकेचे तुकडे होतात. अशा वेळी केबिनमध्ये खिळ्याला टांगलेले साधन नौकेबरोबर तळाशी जाते. किनाऱ्यापासून दूर अनेक दिवस राहणाऱ्या नौकेसाठी आपोआप सुटणारा ईपर्ब हाच योग्य होय. डॅट वा ट्रान्सपाँडर त्याच्या जोडीला असावा.

दुसरा प्रश्न : साधनात उपग्रही स्थानग्राही आहे काय? असल्यास पहिल्या काही मिनिटांतच अचूक स्थान कळू शकते. किंमत वाचविण्यासाठी सोडून देण्याजोगी ही सोय नव्हे.

तिसरा प्रश्न : जवळात जवळची मदत कोणाची? समुद्रपार जाणाऱ्या नाविकास उपग्रहाशिवाय आधार नसतो. सप्टेंबर २०१८ मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी यांची गोव्यात बांधलेली ‘तुरीया’ ही शिडाची नौका हिंदी महासागराच्या दक्षिण भागात, ऑस्ट्रेलियातील पर्थपासून सु. ३,५०० किमी. अंतरावर, वादळात सापडून डोलकाठ्या मोडल्या व त्यांच्या पाठीला गंभीर इजा झाली. अंथरुणावरून उठता येत नसतानाही त्यांचा संदेश व ईपर्बचा संकेत पोचला. ऑस्ट्रेलियाच्या बचाव केंद्राने समन्वय केला, भारतीय नौदलाच्या विमानाने नौका शोधली आणि ‘ऑसिरिस’ या फ्रेंच गस्ती नौकेने २४ सप्टेंबर रोजी त्यांना सोडविले. याउलट १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेस नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसली व १५ जण मृत्यू पावले. तेथे आसपासच्या नौका काही वेळातच मदतीस आल्या. बंदरातील अशा वाहतुकीत प्रत्येक प्रवाशाच्या अंगावर जाकीट असणे व अतिउच्च कंप्रतेच्या (व्हीएचएफ) रेडिओवर १६ व्या चॅनेलवरून तत्काळ हाक देता येणे, यांना उपग्रहीय साधनापेक्षा अग्रक्रम द्यावा लागतो.

चौथा प्रश्न : घट व खटका बदलून देण्याची सोय नजीकच्या बंदरात आहे काय? ही सोय नसल्यास काही वर्षांनी साधन केवळ शोभेचे ठरते.

नोंदणी, जोडणी व देखभाल : नोंदणी न केलेला ईपर्ब म्हणजे पत्ता नसलेली हाक होय. संकेत आला की अधिकारी प्रथम नोंदणीत दिलेल्या दूरध्वनी क्रमांकावर चौकशी करतात : नौका समुद्रात आहे काय, तिच्यावर किती माणसे आहेत, ती कोणत्या दिशेस गेली? ४०६ मेगॅहर्ट्‌झवरील बहुसंख्य संकेत चुकून सुरू झालेल्या साधनांचे असतात. नोंदणी असल्यास एका दूरध्वनीने खऱ्याखोट्याचा निवाडा होतो. म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्या, हमखास भेटणाऱ्या दोन व्यक्तींचे क्रमांक नोंदवावेत. खुद्द तांडेलाचा क्रमांक पुरेसा नाही, कारण संकटाच्या वेळी तो नौकेवरच असतो. नौका विकली, तिचे नाव बदलले वा दूरध्वनी क्रमांक बदलला, तर नोंदही बदलावी. परदेशातून आणलेल्या साधनाचा देश-क्रमांक त्या देशाचा असल्यास तो भारताच्या क्रमांकात बदलून घेणे आवश्यक असते. अन्यथा चौकशी प्रथम भलत्याच देशाकडे जाते.

आपोआप सुटणारे साधन छपराखाली, जाळ्यांच्या ढिगाजवळ वा दोरखंडांखाली बसवू नये. वर येताना ते अडकते. साधनाची दोरी नौकेस बांधणे ही नेहमी आढळणारी घातक चूक होय. ती दोरी तरंगणाऱ्या तराफ्यास किंवा माणसास बांधण्यासाठी असते. नौकेस बांधल्यास बुडणारी नौका साधनास खाली ओढून नेते. पाण्याच्या दाबाने चालणारा खटका दर दोन वर्षांनी, तर घट उत्पादकाने छापलेल्या मुदतीपूर्वी बदलावा. दरमहा केवळ चाचणीचे बटण दाबून तपासणी करावी. ‘चालते का पाहू’ म्हणून साधन प्रत्यक्ष सुरू करू नये. चुकून सुरू झाल्यास ते बंद करून लगेच १५५४ क्रमांकावर कळवावे. खऱ्या संकटात सुरू केलेले साधन मात्र मदत पोचेपर्यंत बंद करू नये. घट वाचविण्यासाठी ते अधूनमधून बंद केल्यास शोध घेणाऱ्यांची दिशाभूल होते. कोठे बसविले आहे व कसे सुरू करावे, हे तांडेलाबरोबरच सर्वांत नव्या खलाशासही ठाऊक असावे.

मर्यादा : संकटप्रेषक माणसास शोधून देतो, पाण्यावर तरंगत ठेवत नाही. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रातील पी-३०५ हा निवासी तराफा नांगर तुटून भरकटला व बुडाला. त्यावर २६१ जण होते. संकटाची वार्ता वेळेवर मिळून नौदलाची जहाजे तेथे पोचली होती, तरीही प्रचंड लाटांमुळे ७० हून अधिक जणांना वाचविता आले नाही. जे १८० हून अधिक वाचले, त्यांतील बहुतेकांना जाकिटांनी तासन्‌तास पाण्यावर धरून ठेवले होते. यावरून असे म्हणता येईल की, जाकीट, तराफा व संकटप्रेषक या तिन्ही गोष्टी मिळूनच एक साधन होते. त्याचप्रमाणे हवामानखात्याचा इशारा आल्यावर किनाऱ्यास परतणे याला कोणतेही यंत्र पर्याय होऊ शकत नाही.

अंतर्गत जलाशयांवरील वापर : जायकवाडीचा नाथसागर, मांजरा वा निम्न तेरणा प्रकल्पांचे जलाशय यांवरही मासेमारी चालते व होड्यांतून माणसांची ने-आण होते. निलंग्यासारख्या समुद्रापासून दूर असलेल्या भागात ईपर्बची आवश्यकता नसते, कारण तेथे किनारा कधीच फार दूर नसतो आणि बुडणाऱ्या माणसाजवळ मिनिटेच असतात. परंतु निवडीचे तत्त्व तेथेही तेच राहते : हाक कोण ऐकणार आणि तोपर्यंत माणूस तरंगणार कसा? प्रत्येकाच्या अंगावर जाकीट, होडीत शिट्टी, जलरोधक पिशवीत मोबाइल दूरध्वनी, होडीच्या क्षमतेइतकीच माणसे आणि परतण्याची वेळ काठावरील कोणास तरी सांगून जाण्याची रीत, एवढे केले तरी उपग्रहावाचून तेच कार्य पुष्कळ अंशी साधते.